वाकळ : आमच्या इतिहासाचे एक साधन

इतिहासाची साधने हा विषय मी महाविद्यालयात दरवर्षी शिकवते. ताम्रपट, शिलालेख, बखरी, सनदा, दप्तरे अशी यादी फळ्यावर लिहिते. ती लिहिताना दर वेळी एक गोष्ट बोचते. यांपैकी एकही साधन माझ्या आजीच्या घरात नव्हते. ज्यांना अक्षरच नाकारले गेले त्यांच्याकडे दप्तर असणार कोठून? पण दप्तर नव्हते म्हणून इतिहास नव्हता, हे मला मान्य नाही. राधानगरी भागातल्या आमच्या घरात एक वस्तू पिढ्यान् पिढ्या साठत आली. ती म्हणजे वाकळ. इतरत्र तिला गोधडी म्हणतात.

राधानगरी हा सह्याद्रीच्या कुशीतला धुवाधार पावसाचा मुलूख. चार महिने भिंती ओल्या, जमीन गार. इथे वाकळ ही हौस नव्हती, ती नसेल तर लेकरे आजारी पडत. ती शिवायची उन्हाळ्यात. सारवलेल्या जमिनीवर जुने नऊवारी लुगडे दुहेरी अंथरायचे आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. हे अस्तर. त्यावर चिंध्यांची भर. जे कापड सर्वांत विरलेले ते मधोमध, जे टिकाऊ ते वर आणि खाली. भर घालताना हाताने चापून वळी मोडायची. वळी राहिली तर रात्रभर पाठीला रुतते. मग वरचे लुगडे पसरून लांब लांब टाक्यांनी सगळे थर पकडून ठेवायचे. त्यानंतर खरे काम, धावदोऱ्याचे. आमच्या घरी दोघी जावा समोरासमोर बसत. काठाकडून सुरुवात करून बोटबोट अंतराने चौकोनात चौकोन घालीत मध्यावर येत. दोरा विकतचा नसे; लुगड्याच्या काठातले धागे उसवून, दुहेरी पिळून केलेला असे. शेवटी कडा आत मुडपून काठाच्या पट्टीचा गोट लावायचा. कोपऱ्यांना दुहेरी टाके. धुतलेली वाकळ पाण्याने जड होते, ती कोपऱ्याला धरून ओढली जाते आणि पहिल्यांदा तिथेच फाटते. या हिशेबाला कोणी शास्त्र म्हटले नाही, कारण तो बायकांचा होता आणि महारवाड्यातल्या बायकांचा होता.

वाकळ जुनी झाली तरी टाकत नसत. तिच्यावरच नवे कापड घालून पुन्हा शिवत. त्यामुळे एका वाकळेत तीन-तीन पिढ्यांचे थर सापडतात. दोन वर्षांपूर्वी आईने आणि मी आमच्या घरातली सर्वांत जुनी वाकळ उसवली. वरून आतल्या थरांकडे जाताना मला उत्खनन करीत असल्यासारखेच वाटले. अगदी आत एक पांढरे, जाडेभरडे कापड निघाले. आजीने ते चाचपले आणि म्हणाली, "पोरी, हे मढ्यावरचं हाय. माझ्या सासूनं घेतल्यालं शेवटचं. त्याच्या फुडं न्हाई घेतलं. त्या सालच्या पावसात पोरांनी पोती पांघरली."

महारांच्या हक्कांत प्रेतावरच्या कापडाचा समावेश होता, हे आपण पुस्तकात वाचतो. त्याला 'हक्क' म्हणणे हीच क्रूर थट्टा आहे. चांडाळाने मृताची वस्त्रे ल्यावीत असा दंडक मनुस्मृतीने घातला. गावगाड्याने तो बलुत्याच्या हिशेबात बसवला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द केली. परंतु हुकमाने कागद बदलतो, गावकी लगेच बदलत नाही. रूढी घरोघर मोडावी लागते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेत स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की अस्पृश्यतेची खूण पटवणारा पेहराव सोडा, कपडे फाटके असले तरी स्वच्छ असू द्या. आमच्या घरापर्यंत हा विचार १९५६ च्या धर्मांतराबरोबर पोचला. आजीच्या सासूने मढ्याचे कापड नाकारले. आपण स्वाभिमानाविषयी पुष्कळ लिहितो, पण त्याची किंमत घरात कोणी भरली याचा हिशेब क्वचित मांडतो. आमच्या घरी ती एका पावसाळ्याच्या थंडीने भरली गेली. ते कापड नाकारणारी बाई निरक्षर होती. तिचे नाव कोणत्याही परिषदेच्या वृत्तांतात नाही.

ज्या धम्मात ती गेली, त्याच्या विनयात मला याच्या नेमके उलट चित्र सापडले. आरंभीचे भिक्खू उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या धुऊन, शिवून पांघरत. त्याला पांसुकूल चीवर म्हणतात. मगधातली बांध घातलेली शेते दाखवून भगवंतांनी आनंदाला तशा आखणीचे चीवर करायला सांगितले. भाताची खाचरे पाहत वाढलेल्या मला ही आखणी ओळखीची वाटते. म्हणजे स्मशानातले कापड दोन्हीकडे आहे. मनूकडे ते जन्माने लादलेले आहे, संघात ते स्वेच्छेने स्वीकारलेले आहे. अपमान कापडात नव्हता, सक्तीत होता. म्हणूनच नाकारण्याचे स्वातंत्र्य मिळवणे हे पहिले काम होते.

त्या पांढऱ्या कापडाच्या वरचे थर मग वेगळे आहेत. मजुरीच्या पैशाने घेतलेले लुगडे, आजोबांचे धोतर, मामाची खाकी शाळेची चड्डी, माझा निळा पांढरा गणवेश. मी वसतिगृहात गेले तेव्हा आईने वाकळ बांधून दिली होती. मुली हसतील म्हणून मी ती पेटीतून बाहेर काढली नाही आणि हिवाळाभर एका पातळ चादरीत झोपले. आज याची लाज वाटते.

आता वाकळेला शहरात भाव आला आहे. दुकानांत ती 'पारंपरिक कला' म्हणून टांगलेली दिसते. शिवणारीचे नाव नसते. अमेरिकेत अलाबामामधील जीज बेंड येथे गुलामांच्या वंशज काळ्या स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. मताधिकाराच्या लढ्याच्या काळात, १९६६ साली, त्या भागात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. २००२ साली त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, जाणकारांनी वाखाणल्या. तरीही २००७ साली त्यांतील काही जणींना मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. कौतुक आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण त्यांच्याकडून शिकावे.

आम्ही ती वाकळ पुन्हा शिवली. पांढरे कापड काढून टाकावे असे आईचे मत होते. आजी म्हणाली, राहू दे. ते आत ठेवले आहे. धावदोरा आईने घातला, कोपऱ्यांचे टाके मी घातले आणि ते वाकडे आले. यंदापासून साधनांच्या यादीत मी वाकळ लिहिते. विद्यार्थ्यांना सांगते, घरी जा, सर्वांत जुनी वाकळ कोणती ते विचारा, तिच्यात कोणाचे कापड आहे ते आजीकडून लिहून घ्या. हे काम आजच व्हायला हवे. कापड टिकते, पण ते कोणाचे हे सांगणाऱ्या बाया फार दिवस राहणार नाहीत.