मे महिन्यात जुनी पिकअप सारखी हीट होतेय? नुसतं पाणी ओतू नका, आधी हे तपासा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे तुम्ही ऐकलं असेलच. गंमत म्हणजे रेडिएटरची मधाच्या पोळ्यासारखी जाळीही जर्मनीतच तयार झाली. विल्हेल्म मायबाख यांनी ती १९०१ च्या मर्सिडीज गाडीत वापरली. पण रेडिएटरची खरी परीक्षा होते परभणीच्या मे महिन्यात.

पिकअपमध्ये टरबुजं भरलेली, गाडी जिंतूरकडचा चढ चढतेय आणि टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकतो. ड्रायव्हर थांबतो, बाटलीभर पाणी ओततो आणि ‘ऊनच लय आहे’ म्हणत पुढे निघतो. चूक इथेच होते.

दोष उन्हाचा नसतो

डिझेल जळून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच गाडी ओढायला लागते. उरलेली धुरातून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. रेडिएटर किती उष्णता फेकणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर धरलं, तर हिवाळ्यातल्या १५ अंशांच्या सकाळी हा फरक ७५ असतो. मे महिन्यात ४३ अंशांच्या दुपारी तो ४७ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर एक तृतीयांशाहून जास्त कमी पडतो.

ठणठणीत गाडी हे सहन करते, कारण कंपनीने तेवढी सोय आधीच ठेवलेली असते. जुन्या गाडीत ती सोय कचऱ्याने आणि क्षाराने खाल्लेली असते. हिवाळ्यात झाकलेला बिघाड ऊन फक्त उघडा पाडतं.

काटा कधी चढतो, ते बघा

• मोंढ्यात गाडी उभी असताना हीट होते, रस्त्याला लागली की काटा उतरतो : पंखा हवा ओढत नाही. फॅन बेल्ट सैल आहे का, पंख्याचा क्लच गेलाय का, ते बघा.

• चढाला किंवा भरल्या गाडीत हीट होते : रेडिएटर चोंदलाय. बाहेरून धूळ, कापसाची बोंडं-धागे अडकतात, आतून क्षार बसतो. वॉटर पंपही तपासून घ्या.

• गाडी सुरू करून काही मिनिटांतच हीट होते : पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. तो काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात बुडवा. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडला नाही, तर बदला.

• बाहेर गळती दिसत नाही, तरी पाणी कमी होतं : धूर पांढरा येतोय, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतायत किंवा ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी. गाडी पुढे चालवूच नका.

हे दोन जुगाड टाळा

पहिला, बोअरचं पाणी. पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. त्यापेक्षा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. कूलंटमुळे गंजही कमी धरतो. मात्र ते विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, त्यामुळे जुनं कूलंट जनावरं किंवा लेकरं पोहोचतील अशा जागी ओतू नका.

दुसरा, थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणं. मग इंजिन हिवाळ्यात नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं आणि झिजतंही लवकर.

रस्त्यात काटा लाल झाला तर?

एसी बंद करा, गाडी सावलीला घ्या, इंजिन बंद करा. किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १०० नाही तर १२० अंशांच्या आसपास उकळतं. गरम असताना झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. इंजिन गार झाल्यावरच जाड फडकं धरून झाकण हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

बेल्ट, झाकण, थर्मोस्टॅट ही बहुतेकदा काही शे रुपयांची कामं. हेड वाकलं तर ते उतरवा, लेथवर फेसिंग करा, नवं गॅस्केट टाका, खर्च हजारांत जातो. त्यात ऐन टरबुजाच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत गाडी गॅरेजला उभी आणि हप्ता मात्र चालूच.

म्हणून उन्हाळा लागायच्या आधी एकदा रेडिएटर आतून-बाहेरून साफ करून घ्या. पाण्याची पातळी रोज सकाळी, इंजिन गार असताना बघा. आणि पुढच्या वेळी गाडी हीट झालीच, तर मिस्त्रीला फक्त ‘गरम होते’ असं सांगू नका. ‘कधी गरम होते’ ते सांगा, अर्धं काम तिथेच होतं.