शैक्षणिक ॲपसाठी अनुदान हवंय? अर्जाची सुरुवात नेमकी कुठून करायची

समजा, मुदखेडमधल्या दोन-तीन तरुणांनी चौथीच्या मुलांसाठी मराठीतून गणित शिकवणारं ॲप तयार केलं आहे. तालुक्यातल्या पाच शाळांत ते वापरून बघायचं, तर टॅब हवेत, म्हणजे पैसे हवेत. पहिला प्रश्न साहजिक असतो: अर्ज कुठे करायचा? पण त्याआधीचा प्रश्न आहे, अर्ज कोणाच्या नावाने करायचा? बरेच अर्ज इथेच अडतात.

नाव कोणाचं?

अर्जदार कंपनी असेल तर स्टार्टअपच्या योजना खुल्या होतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणलेल्या 'स्टार्टअप इंडिया सीड फंड' योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी किंवा नमुना बनवण्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. कंपनीला डीपीआयआयटीची मान्यता लागते आणि अर्जाच्या वेळी तिची नोंदणी दोन वर्षांहून जुनी चालत नाही. पैसे निवडलेल्या इनक्युबेटरमार्फत, टप्प्याटप्प्याने मिळतात. अर्जाची खिडकी सध्या उघडी आहे का, हे योजनेच्या पोर्टलवर आधी पाहावं.

संस्था किंवा ट्रस्ट असेल तर सीएसआरचा रस्ता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. शिक्षण त्या यादीत आहे. मात्र संस्थेकडे १२ए आणि ८०जी नोंदणी, सीएसआर-१ क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. काल नोंदवलेल्या संस्थेला हा पैसा थेट मिळत नाही. अशा वेळी जुन्या, नोंदणीकृत संस्थेसोबत भागीदारी करणं हा व्यवहार्य मार्ग.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचं वेगळं. त्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू असल्याने परवानगीशिवाय कंपनी काढणं अंगलट येऊ शकतं. शाळेसाठीची मदत मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत घेतलेली बरी.

अर्जात काय लिहायचं?

'ग्रामीण भागात डिजिटल क्रांती' अशा वाक्यांनी पैसे मिळत नाहीत. 'पाच शाळांतल्या चौथीच्या इतक्या मुलांना भागाकार येत नाही, सहा महिन्यांनी किती जणांना यायला हवा, आणि ते कसं तपासणार' हे लिहावं लागतं. त्यासाठी आधी मुलांची साधी चाचणी घेऊन आकडे हातात ठेवावेत. सरकारचं 'दीक्षा' ॲप फुकट असताना नवीन कशाला, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर अर्जातच द्यावं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचं उदाहरण इथे कामाचं आहे. त्यांनी आधी आपल्या वर्गातल्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. ती पद्धत पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाला. आधी एका वर्गात चाललेलं काम, मग बाकी सगळं. (पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे जाता जाता.)

अंदाजपत्रकात टॅबच्या किमतीपुढे बरेच जण जातच नाहीत. दुरुस्ती, चार्जिंगची सोय, वीज नसतानाची व्यवस्था, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि पैसे संपल्यावर ॲप कोण चालवणार, हे सगळं त्यात हवं. मुलांची माहिती गोळा होणार असेल तर पालकांच्या संमतीचीही तयारी दाखवावी; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी ती अट आहे.

आणि व्हॉट्सॲपवर 'अनुदान मंजूर करून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा' असा मेसेज आला तर पैसे भरू नयेत. सीड फंड योजनेत इनक्युबेटरलाही अर्जदाराकडून फी घेता येत नाही.