पान का सडलं?

घोडा का अडला? भाकरी का करपली? पान का सडलं? हे कोडं मराठी घरांत पिढ्यानपिढ्या घातलं जातं आणि तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असतं: फिरवलं नाही म्हणून. बऱ्याचदा गोष्टीत प्रश्न अकबर विचारतो आणि उत्तर बिरबल देतो. मला लहानपणी घोडा कळायचा, भाकरी कळायची, पण पान कळायचं नाही. ज्या घरात फ्रिज आहे तिथल्या पोराला पान 'फिरवणं' म्हणजे काय, हे कळणार तरी कसं?

गंमत म्हणजे याचं उत्तर खरोखरच अकबराच्या दरबारात लिहून ठेवलंय. अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त विड्याच्या पानांच्या जाती दिल्या आहेत, 200 पानांच्या जुडीला 'ढोली' म्हणतात हेही दिलंय, आणि त्याच ओघात साठवणीचा नियम येतो: हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी पानं उलटून पुन्हा रचायची, उन्हाळ्यात रोज. म्हणजे आपलं कोडं हे मुळात साठवणुकीचं शास्त्र आहे.

या नियमाकडे माझं लक्ष गेलं ते सिगारमुळे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या टीममधल्या एकाकडे ह्युमिडॉर आहे, म्हणजे सिगार ठेवायची लाकडी पेटी. ती तो जिवापाड जपतो. आतली आर्द्रता 65 ते 70 टक्के हवी. कमी झाली तर वरचं पान तडकतं, जास्त झाली तर बुरशी धरते. तापमान 25 अंशांच्या वर गेलं तर तंबाखूतल्या बारीक भुंग्याची अंडी फुटायची भीती असते. हाच भुंगा आपल्या हळदीत आणि धण्यातही होतो. पेटीचं लाकूड 'स्पॅनिश सीडर' म्हणून ओळखलं जातं, पण ते झाड सीडर नाही. ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं आहे. आणि दर काही आठवड्यांनी हा गडी खालच्या सिगार वर आणि वरच्या खाली करतो, कारण पेटीत सगळीकडे ओल सारखी नसते.

मुळात सिगारची तंबाखू तयार होते तीही फिरवूनच. वाळवलेल्या पानांचे मोठे ढीग रचतात. ढीग आतून तापतो, पानातला अमोनिया उडून जातो, तिखटपणा उतरतो. उष्णता ठरावीक मर्यादेला पोचली की ढीग मोडायचा आणि आतली पानं बाहेर, बाहेरची आत असा पुन्हा रचायचा. नाही फिरवलं तर पान करपतं. घोडा सोडला तर कोड्यातलं सगळं यात आलं.

मित्राकडून हे ऐकताना मला अकोटची आजी आठवत होती. ह्युमिडॉर हा शब्द तिनं ऐकलेला नव्हता, पण आर्द्रतेबद्दल ती आमच्या टीमपेक्षा जास्त जाणून होती. अकोल्या-अमरावतीचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. पारा 45 अंशांवर, दुपारच्या हवेतली आर्द्रता बऱ्याचदा 20 टक्क्यांच्या खाली. उघड्यावर ठेवलेलं विड्याचं पान तासाभरात मान टाकतं. आणि याच मुलखात, सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात बारी समाजानं पानमळे उभे केले. शेवरी-पांगाऱ्याच्या आधारानं वेल चढवायचे, दाट सावली धरायची, पाणी सतत द्यायचं. उन्हाळा बाहेर ठेवायचा आणि आत वेगळं हवामान सांभाळायचं. पानमळ्यात शिरताना अंगाला जो गारवा लागतो तो कुठल्या कूलरचा नसतो.

इतिहासाच्या पुस्तकात अंजनगाव येतं ते वेगळ्याच कारणासाठी. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावची लढाई झाली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि 30 डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी आर्थर वेलस्लीशी तह केला तो सुर्जी-अंजनगावला. परीक्षेसाठी एवढं पुरतं. पण गावाची ओळख विचाराल तर तिथला माणूस आधी पानाचंच नाव घेईल.

मळ्यातलं हे हवामान घरात आणायचं काम पितळी डब्याचं. आजी पानं धुवायची, पुसायची, देठ खुडायची, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची आणि डबा माठाशेजारी. मी मदतीला गेलो की बजावायची, "फडकं वल्लं नाई, दमट पायजे, बापा." रोज सकाळी डबा उघडायचा, पानं उलटायची, डाग पडलेलं पान काढून टाकायचं. कारण तोडलेलं पान लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहतं, आणि त्या श्वासातून उष्णता आणि ओल बाहेर पडते. पानं एकावर एक दाबून राहिली की मधली कोंडतात, आणि एक सडलं की शेजारचंही जातं. सिगारची तंबाखू मेलेली असते म्हणून तिला 70 टक्के पुरे होतात. जिवंत पानाला त्याहून बरीच जास्त ओल लागते, आणि माणसाचा हात रोज लागतो.

आता तंबाखूकडे वळू, कारण तिला टाळून ही गोष्ट पुरी होत नाही. अकबराचा वकील असद बेग 1604-05 च्या सुमारास विजापूरहून परतला तो तंबाखू आणि रत्नजडित चिलीम घेऊन. बादशाहानं एक-दोन झुरके घेतले, दरबारातल्या हकिमानं विरोध केला. जहांगीरनं 1617 मध्ये धूम्रपानाला बंदी केली, पण तंबाखू थांबली नाही. पुढे इंग्रजी अमलात त्रिचनापल्ली-दिंडिगलचे चिरूट नावारूपाला आले. 'चिरूट' हा शब्दही तमिळ 'सुरुट्टु'वरून आला. आमच्याकडे मात्र तंबाखू शिरली ती जास्त करून विड्यातून आणि चुन्यासोबत मळून.

मग 1980 च्या दशकात पुडी पसरली. गुटख्याच्या पुडीला माठ लागत नाही, फडकं लागत नाही. ती फिरवावी लागत नाही. विदर्भात तिच्या जोडीला खर्रा आहे: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून तयार. त्यात पानच नाही. विड्यातली जी गोष्ट सांभाळायला कष्ट पडायचे तीच वगळली गेली, आणि ती विड्यातली सगळ्यांत निरुपद्रवी गोष्ट होती. उरलेल्या गोष्टींचं काय? सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 च्या अहवालात दिला. गुटख्याच्या प्लास्टिक पुड्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मार्च 2011 पासून बंदी आली, महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटखाच बंद केला. खर्रा माझ्या वयाच्या पोरांच्या खिशात आजही आहे.

म्हणून विडा खा असं मी म्हणणार नाही; आजीच्या विड्यातही सुपारी होतीच. सिगार ओढा असं तर मुळीच नाही. पण डब्यातलं पान रोज पाहावं लागायचं, आणि त्यामुळे किती खाल्लं याचाही हिशेब राहायचा. खिशातली पुडी तो हिशेब ठेवत नाही.

अंजनगावकडे पानमळे पूर्वीइतके राहिलेले नाहीत. पाणी खोल गेलं, गिऱ्हाईक खर्ऱ्याकडे गेलं. काही मळ्यांत औषधी पानपिंपरी लावली जाते. तरीही अकोल्यात एखाद्या जुन्या पानठेल्यावर थांबलात तर दोन मिनिटं नुसतं पाहा. ठेलेवाला लाल दमट फडकं उचलतो, खालची पानं वर घेतो, वरची खाली सरकवतो, पाण्याचा हलका शिडकावा देतो आणि फडकं परत टाकतो. मे महिन्यात हे दिवसातून कितीदा करावं लागतं, ते त्यालाच विचारा.