जात्याभोवतीचं खोरं
धरणाआधीचं मुळशी खोरं डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता हयात असेल असं वाटत नाही. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे मावळ्यांना घेऊन टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. लढा तीन वर्षं चालला. शेवटी निळा-मुळेच्या काठची भातखाचरं पाण्याखाली गेली, भिऱ्याला वीज तयार झाली आणि ती मुंबईला गेली.

याच मुळशी तालुक्यात हिंजवडीला माझा भाचा व्हीआरच्या (आभासी वास्तवाच्या) चष्म्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. बुडालेल्या गावांतून लोकांना फिरवून आणावं असं त्याच्या मनात आहे. मी पौडला इतिहास शिकवला, म्हणून मला विचारायला आला, "मामा, घरं कशी होती? वाटा कुठून जायच्या?" म्हटलं, घरांचं नंतर बघू, आधी आवाज गोळा कर.

डोळ्यांना चकवायची युक्ती जुनीच. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टोनने दोन डोळ्यांपुढे किंचित वेगळी दोन चित्रं ठेवून खोलीचा भास घडवला. १९६८ साली आयव्हन सदरलंडने डोक्यावर चढवायचं यंत्र केलं. मान वळेल तसं दृश्य बदलायचं. आपल्याकडे मात्र चित्राला कधी एकटं सोडलं नाही. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे करत कथा गातात. कल्याणच्या महादेव पटवर्धनांच्या 'शांबरिक खरोलिके'त, १८९०च्या दशकात, काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर पडत, तीही निवेदनासह. माणूस खेळात ओढला जातो तो कानाने, असं माझं ठाम मत आहे.

मुळशीत तर हे चित्राविनाच घडायचं. पहाटेच्या काळोखात दोघी जात्याशी समोरासमोर बसत, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. पहिल्या काही फेऱ्या नुसती घरघर. मग एकीने ओवी काढायची, दुसरीने उचलायची. मूठभर नाचणीची वैरण घातली की जातं जड होई, आणि ओवीही तेवढी लांबे. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून मी हे ऐकलंय. जात्याची थरथर तिच्या मांडीतून माझ्या कानशिलात उतरायची, आणि डोळे मिटलेले असूनही तिच्या माहेरची वाट मला दिसायची. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि ही पहाट संपली.

पण ओव्या सगळ्याच गेल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी मुळशी-मावळातल्या बायकांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या गायिकेच्या आणि गावाच्या नावानिशी ऐकायला मिळतात.

चष्म्याला टेपहून एक गोष्ट अधिक जमते. ऐकणाऱ्याने मान फिरवली तरी गाणारी आपल्या जागी राहते. म्हणजे मधे जातं ठेवून एकीचा आवाज डावीकडून आणि दुसरीचा उजवीकडून येऊ शकतो. त्यासाठी जुनं ध्वनिमुद्रण पुरणार नाही. खुंटा धरून गाणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. खरं जातं आणि दोन माइक घेऊन त्यांच्या ओटीवर जायला हवं, तेही लवकर.

आणि गाणाऱ्या बायकांशी कागद आधी करायचा. खोऱ्यातल्या जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या, त्यामुळे धरणाच्या मोबदल्यातला मोठा वाटा कसणाऱ्याच्या हाती पडलाच नाही. तसं पुन्हा होऊ नये म्हणून भाच्याला मी बजावलंय, की करारावर गाणाऱ्या बाईचं नाव पहिलं हवं, आणि पैसे तिच्याच खात्यात.