चौथी मिती आणि काकडी

‘मिती’ या शब्दाशी माझी ओळख बी.कॉम.ला झाली, ती हुंडीपुरती. हुंडी कुठल्या मितीला लिहिली आणि कुठल्या मितीला पिकणार एवढं कळलं की आमचं काम संपलं. त्यामुळे नववीतल्या कन्येनं, “बाबा, चौथी मिती कशी दिसते?” असं विचारलं तेव्हा मी काउंटरवरच्या सवयीनं म्हणालो, “उद्या ये.”

पंचाईत अशी की ती खरंच आली. मग मी वाचनालय गाठलं, आणि तिथं मला अ‍ॅलिशियाबाई भेटल्या.

अ‍ॅलिशिया बूल १८६० साली आयर्लंडमधल्या कॉर्क गावी जन्मली. वडील जॉर्ज बूल. यांच्याच तर्कगणितावर आमच्या बँकेतले संगणक चालतात (आणि पगाराच्या दिवशी बंद पडतात, त्यात बूलसाहेबांचा दोष नाही). आई म्हणजे, हिंदुस्थानच्या मोजणीखात्याचे प्रमुख असलेल्या आणि ज्यांचं नाव हिमालयातल्या त्या शिखराला दिलं, त्या एव्हरेस्टसाहेबांची पुतणी. घराणं असं उंच. पण पोर चार वर्षांची असताना वडील गेले. मागे पाच मुली आणि पैशाची ओढाताण. अ‍ॅलिशियाच्या शिक्षणखात्यात जमा काय, तर युक्लिडची पहिली दोन पुस्तकं!

ती अठराच्या आसपास असताना हिंटन नावाचे गृहस्थ (हे पुढं तिचे मेहुणे झाले) घरी लाकडी ठोकळे मांडून चौथ्या मितीच्या गप्पा मारू लागले. आपल्या तीन मितींत सर्व बाजूंनी सारखे असे घन पाचच. चौथीत ते सहा, आणि त्यातला एक तर ६०० चतुष्फलकांचा. श्लेफ्ली या स्विस गणितज्ञानं हे आधीच शोधलं होतं, पण बाईंना त्याची गंधवार्ता नव्हती. त्यांनी सहाही आपले आपण हुडकले, आणि त्यांच्या चकत्या पुठ्ठ्यात बनवल्या.

चकत्या? इथं माझी गाडी अडली. कन्या माझ्याकडे बघते, मी छताकडे. तेवढ्यात काकडी चिरता चिरता बायको म्हणाली, “अहो, सोपं आहे. समजा, एका मुंगीला वर-खाली कळतच नाही, फक्त ताटाचा सपाट पृष्ठभाग कळतो. त्या ताटातून ही काकडी उभी आरपार गेली, तर तिला काय दिसेल? आधी ठिपका, मग वाढत जाणारं वर्तुळ, मग पुन्हा ठिपका. आपण म्हणजे चौथ्या मितीपुढच्या मुंग्या. तिथल्या वस्तूची चकती आपल्याला ठोकळ्यासारखी दिसायची. एकामागून एक चकत्या बघायच्या नि मनात जोडायच्या.”

बाईंनी नेमकं हेच केलं होतं! ६०० वाल्याच्या टोकाशी ठिपका, जरा पुढं वीस बाजूंचा घन, असं करत करत सगळा आकार.

१८९० साली बाईंचं लग्न वॉल्टर स्टॉट या अ‍ॅक्चुअरीशी झालं. म्हणजे विम्याचे आकडे मांडणारा. आमच्याच पंगतीतला, फक्त वरच्या पाटावरचा. दोन मुलं, बेताचा संसार. पण या माणसानं एक मोठं काम केलं. हॉलंडमधल्या स्खौटे नावाच्या प्राध्यापकांचं लेखन त्यानं बायकोपुढं ठेवलं. तिनं आपल्या पुठ्ठ्यांचे फोटो धाडले. प्राध्यापकांनी गणितानं काढलेल्या चकत्या आणि घरी कापलेल्या चकत्या तंतोतंत जुळल्या! पुढं स्खौटे जाईपर्यंत, म्हणजे १९१३ पर्यंत, दोघांनी मिळून काम केलं. १९१४ साली ग्रोनिंगेन विद्यापीठानं बाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

“आई, तुला गं हे कसं कळलं?” कन्येनं विचारलं.

“दहावीला गणितात १५० पैकी १४५ होते. पुढं शिकायचं होतं. राहिलं.” सुरी थांबली नाही.

लग्नाला अठरा वर्षं झाली. रोजची रोकड पैन्‌पैशानं जुळवणारा मी. घरातलं हे खातं मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी येताना पुठ्ठा आणि डिंक आणला. मायलेकी ठोकळे करायला बसल्या. काकडी मी चिरली.