कायदा सर्वांचा, मग तो वाचण्यावर पहारा कशाला?

‘कायदा माहीत नव्हता’ ही सबब न्यायालयात चालत नाही. पण तो कायदा आणि त्यावरचे निकाल सामान्य माणसाला वाचायला मिळतात का? अनेक वर्षे निकाल शोधायचा तर वकिलाचे कार्यालय, ग्रंथालयातले जाडजूड निकालसंग्रह किंवा महागडी वर्गणी, एवढेच मार्ग होते.

हे दार उघडायला सरकारांच्या आधी अभ्यासक आणि नागरिक पुढे आले. १९९२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पीटर मार्टिन आणि थॉमस ब्रूस यांनी ‘लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट’ सुरू करून कायदे इंटरनेटवर मोफत ठेवले. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन विद्यापीठांनी ‘ऑस्टलाय’ उभे केले. अशा संस्थांनी २००२ साली मॉन्ट्रियल येथे जाहीरनामा मांडला. कायद्याची सार्वजनिक माहिती हा मानवजातीचा सामाईक वारसा असून ती विनामूल्य मिळाली पाहिजे, ही त्यामागची भूमिका.

भारतात २००८ साली सुशांत सिन्हा या संगणकशास्त्राच्या अभ्यासकाने ‘इंडियन कानून’ सुरू केले. कायद्याचे कलम आणि त्या कलमावरचे निकाल एकमेकांशी जोडलेले, शोध मोफत. आज वकीलही ते सर्रास वापरतात.

याला कायद्याचाच आधार आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार, न्यायालयाने मनाई केली नसेल तर निकाल पुन्हा प्रसिद्ध करणे हा कॉपीराइटचा भंग नाही. २००७ च्या ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा आहे. प्रकाशकाचा हक्क त्याने स्वतः कौशल्याने घातलेल्या भरीपुरता. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आपला अधिकृत निकालसंग्रह ‘ई-एससीआर’ या नावाने मोफत खुला केला.

वस्तीत काम करताना याचा उपयोग काय? पोलीस ठाण्यात ‘आधी चौकशी करू, मग बघू’ असे उत्तर मिळते, तेव्हा २०१३ चा ‘ललिता कुमारी’ निकाल कामी येतो. तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे तो सांगतो. मात्र १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ नुसार तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून जुना निकाल हाती लागला की आजचे कलमही तपासावे. एफआयआरची प्रत मोफत मिळण्याचा हक्क याच कलमात आहे.

दार उघडले तरी भाषेचा उंबरठा उरतोच. बहुतेक निकाल इंग्रजीत आहेत. काही निकालांचे मराठी अनुवाद सर्वोच्च न्यायालयाने उपलब्ध केले आहेत. ते समजून घेण्यासाठी आहेत, अधिकृत मजकूर इंग्रजीच.

इथे आपल्या तरुणांना करण्यासारखे भरपूर आहे. दर आठवड्याला एक निकाल गटाने वाचावा, त्याचे एक पानी मराठी टिपण करावे, त्यावर खटल्याचे नाव, तारीख आणि कलम लिहावे, जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड होईल असे काहीही पुढे पाठवू नये. असे बारा टिपणांचे एक पाकीट प्रत्येक वस्तीच्या वाचनालयात असले, तरी ठाण्याच्या पायरीवर एकट्याने उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असेल.