शाळेची बांधी आणि शेतीचे मास्तर

भंडारा जिल्ह्यात धानाची शेती शिकायला कुणी शाळेत जात नाही. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, पावसाने धरलं की बांधीत चिखलणी करायची, मग जुलै-ऑगस्टभर रोवणी. लाखांदूर-पवनीकडच्या पोरांना हे घरच्या धुऱ्यावरच कळतं. उभ्या धानात लाखोळी कधी फेकायची, तेही. तलाव बांधून धान पिकवणाऱ्या कोहळी समाजाने तर पाळ कुठे घालायची आणि पाणी कसं वळवायचं, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकाविना सांभाळली.

तरीही शेतीला शाळेच्या वेळापत्रकात बसवायचे प्रयत्न या भागात शंभराहून अधिक वर्षं होत आले आहेत. त्यांत जमिनीचा विचार झाला, पुस्तकांचा झाला, खर्चाचा तर फारच झाला. शिकवणाऱ्या मास्तरच्या पाठीशी कोण, हे मात्र बहुतेक वेळा ठरवायचं राहून गेलं.

इंग्रजी अमदानीत भंडारा मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. इथल्या ग्रामीण शाळांत अर्धवेळ पद्धत चाले. मुलांनी सकाळी शाळेत बसायचं, नंतर शेतावर जायचं. रोवणीच्या दिवसांत घरचा हात शाळेने अडवला, तर शाळा ओस पडते, हे अधिकाऱ्यांना उमगलं होतं. नागपूरला 1880च्या दशकात शेतीचा वर्ग सुरू झाला आणि 1906 मध्ये त्या परंपरेतून कृषी महाविद्यालय उभं राहिलं. भंडाऱ्याहून ते जेमतेम साठ किलोमीटरवर. पण तिथून बाहेर पडणाऱ्याची नजर शेतकी खात्याच्या नोकरीवर असे. गावच्या शाळेकडे तो कशाला वळेल?

मोठी हालचाल झाली ती 1937 मध्ये. 22 आणि 23 ऑक्टोबरला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण ही गांधीजींची कल्पना देशापुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अहवाल दिला. सूतकताई आणि सुतारकामाबरोबर शेतीही मूलोद्योग ठरली.

त्याच सुमारास प्रांताचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. सरकारकडे पैसा नाही, तर गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा तिचा गाभा. एप्रिल 1938 मध्ये वर्ध्यात शिक्षकांच्या विद्यामंदिर प्रशिक्षण शाळेची कोनशिला गांधीजींच्या हस्ते बसली. ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम लीगने रान उठवलं, म्हणून योजनेची चर्चा बरीचशी त्या वादातच अडकली. खरी मेख हिशेबात होती.

दान मिळालेल्या जमिनीतून वर्षाला सुमारे 200 रुपये निव्वळ उत्पन्न यावं, अशी अपेक्षा होती. मास्तरचा पगार महिना 15 रुपये, म्हणजे वर्षाचे 180. उरलेल्या 20 रुपयांत फळा, खडू, डागडुजी आणि एखादं वाईट वर्ष. हा हिशेब भंडाऱ्याच्या शिवाराला लावून पाहिला की त्याचा ठिसूळपणा दिसतो. इथलं धान तलावाच्या पाण्यावर आणि परतीच्या पावसावर उभं असतं. निसवताना पाणी तुटलं की दाणा भरत नाही, लोंबी पोचट राहते. त्या वर्षी मास्तरने घरी काय न्यायचं? शिवाय देण्याजोगी जमीन गावात होती कुणाकडे, तर मुख्यतः गावच्या जमीनदाराकडे, मालगुजाराकडे. म्हणजे शाळा आणि मास्तर दोघेही त्याच्या मर्जीवर. नोव्हेंबर 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. मालगुजारी 1951 मध्ये गेली. दान देणारा वर्गच उरला नाही.

शेती आणि हस्तोद्योग शिकवणाऱ्यांना पाठबळ देणारी एक संस्था त्या काळात विदर्भात होती, ती म्हणजे सेवाग्रामचा हिंदुस्तानी तालीमी संघ. 1938 च्या हरिपुरा काँग्रेसनंतर ती स्थापन झाली. झाकिर हुसेन अध्यक्ष, ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी यांनी तिचा संसार सांभाळला. शिक्षकांना तिथे राहून शिकता येई, संघाचं स्वतःचं नियतकालिक होतं, आणि अडलेल्याला विचारायला ठिकाण होतं. संघ ही काही शिक्षकांची संघटना नव्हती, पण एखाद्या व्यावसायिक संघटनेने करावीत ती बरीचशी कामं त्याने केली. पुढे तो सर्व सेवा संघात विलीन झाला.

भंडारा 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. याच काळात धानशेती झपाट्याने बदलत होती. अमरावतीचे पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना 1953 मध्ये जपानी पद्धतीच्या भातलागवडीची देशव्यापी मोहीम निघाली: गादीवाफ्यावरचे पऱ्हे, दोरी लावून ओळीत रोवणी. शाळेच्या बांधीत दाखवून द्यावी अशीच ही गोष्ट. पण शेतीचं नवं ज्ञान यापुढे शाळेला वळसा घालून गेलं. कोठारी आयोगाने (1964–66) शाळेच्या पातळीवर शेतीच्या वेगळ्या शाळा काढण्याऐवजी सर्वसाधारण शिक्षणालाच शेतीची जोड द्यावी, असं सुचवलं. शाळेच्या वाट्याला ‘कार्यानुभव’ आला आणि शेतीशिक्षण कृषी विद्यापीठं व कृषी विज्ञान केंद्रांकडे गेलं.

मधल्या काळात शिक्षक संघटित झाले, तेही जोरात. विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचा दबदबा एवढा, की नागपूर विभागाच्या शिक्षक मतदारसंघातून त्याचे उमेदवार विधान परिषदेवर गेले. 2023 मध्ये सुधाकर अडबाले निवडून आले तेही याच संघाचे. पगार, पेन्शन, नोकरीची हमी हे या चळवळीचे प्रश्न. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा 1977 चा कायदा हा या लढ्यातला मोठा टप्पा. या छत्राखाली गणिताचे आणि शेतीचे शिक्षक शेजारी उभे राहिले. मात्र शेतीच्या शिक्षकाची एक अडचण गणिताच्या शिक्षकाला कधीच नव्हती, ती सुट्ट्यांची.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर पऱ्हे टाकायची वेळ टळत आलेली असते. रोवणीला मुलं हाताशी असतात, पण हलकं धान कापणीला येतं ते दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास. म्हणजे पीक पेरताना शाळा बंद, कापताना बंद. उघडी असते ती निंदणीला. एकट्या मास्तरने सुट्ट्या मोडून बांधी राखावी, ही अपेक्षा कागदावर लिहायला सोपी.

अमेरिकेत हाच पेच कायद्याने सोडवायचा प्रयत्न झाला. तिथल्या 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती शिकणाऱ्या मुलाने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम करावं, अशी अट घातली. 1948 मध्ये मिलवॉकी शहरात शेतीच्या शिक्षकांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. तिचं आजचं रूप अजून कार्यरत आहे.

भंडाऱ्यात आज शेती शाळेत आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. अकरावी-बारावीला पीकशास्त्रासारखे विषय आहेत. समग्र शिक्षा योजनेत नववीपासून व्यवसाय शिक्षण मिळतं. तिथले प्रशिक्षक बहुधा संस्थांमार्फत कंत्राटावर नेमलेले असतात. प्राथमिक शाळांत परसबागा आहेत. तिथली पालेभाजी पोषण आहारात जाते आणि बाग सांभाळतात ते भाषा-गणित शिकवणारेच गुरुजी. जिल्ह्यातच साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आणि धान संशोधन केंद्र आहे. साकोलीच्या नावाने ओळखले जाणारे धानाचे वाण तिथलेच. पीकशास्त्राचे प्राध्यापक, कंत्राटी प्रशिक्षक आणि परसबागेचे गुरुजी यांना रोवणीआधी साकोलीत एकत्र बसवायचं झालं, तर जमीन, दान किंवा नवा कायदा यांची गरज नाही. जिल्ह्यातल्या कोणत्या शाळेत शेती कोण शिकवतं, याची यादी करण्यापासून सुरुवात होऊ शकते.